गब्दूसिंहाचं डोकं

नवऱ्याचं नाव मी घेत नव्हते. आमच्यात बायका घेत नाहीत. हाक मारायची तर 'अवं', दुसऱ्याला सांगायचं तर 'तानीचा बा'. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकले, मास्तरांनी माझी भाषा घासूनपुसून काढली, पण ही सवय काही निघाली नाही. भांडण मात्र मी अजून आमच्याच बोलीत करते. पुस्तकी भाषेत भांडलं की समोरच्याला लागतच नाही.

त्या मे महिन्यात तर घरात रोज भांडण. सासरा आला होता, सुका त्याचं नाव. जव्हारकडच्या आमच्या पाड्यावरून दोन गाड्या बदलून म्हातारा बोईसरला उतरला, पिशवीत नाचणीचं पीठ आणि डोक्यात एकच गोष्ट, बोहाडा.

बोहाडा म्हणजे आमच्याकडचा देवांचा खेळ. चैत्र-वैशाखात रात्र रात्र चालतो. माणसं लाकडी मुखवटे बांधतात आणि संबळ-पिपाणीवर देव होऊन नाचतात. मुखवट्याला आम्ही सोंग म्हणतो. कुठलं सोंग कुणाच्या घरानं नाचवायचं ते पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं, तो त्या घराचा मान. आमच्या घरात नरसिंह. सासरा त्याच्याखाली नाचला, सासऱ्याचा बाप नाचला, त्याचाही बाप. आता सासऱ्याचे गुडघे गेले होते आणि मुलगा एकच, तो इथे बोईसरला. गेल्या वर्षी आमचं सोंग लुगड्यात गुंडाळलेलंच राहिलं. मग गाव बसला आणि ठरलं, यंदाही नाचलं नाही तर नरसिंहाचा मान मंगळ्याच्या घराला, कायमचा.

म्हणून म्हातारा आला होता. पोराला घेऊनच जायचं, नाहीतर तोंड दाखवायचं नाही, असं ठरवून.

सोंगाचे नियम आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळतात. बांधणाऱ्यानं दिवसभर उपास धरायचा. एकदा बांधलं की तो माणूस नाही. त्याला वारं येतं, म्हणजे देव अंगात येतो. त्याला हात लावायचा नाही. सोंग ओढून काढायचं तर मुळीच नाही, नारळ फोडून, पाणी शिंपडून देव शांत करायचा आणि मग घरातल्या मोठ्यानं गाठ सोडायची. आणि नाव घ्यायचं नाही. सोंगाखालच्या माणसाचं कुणी नाव घेतलं तर देव तिथूनच निघतो, त्या घरात परत येत नाही. दादूच्या घरातला वेताळ असाच गेला. अंगणात पोर चुलीवर पडलं म्हणून दादूच्या आईनं सोंगाखालच्या दादूला नावानं हाक मारली होती. पोर वाचलं. पण लोक अजून त्या म्हातारीला बोलून दाखवतात.

आमच्या घरचा माणूस इथे कारखान्यात पावडरीच्या खात्यात होता. पाच-सहा वर्षांत छातीत घरघर बसली, आणि ती बसल्यावर कारखानाच बंद पडला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. हिवाळाभर तो मजुरीसाठी नाक्यावर उभा राहून यायचा. मग उन्हाळ्यात नवापूर रस्त्याच्या मैदानावर 'कार्टूननगरी' आली. बाहेरगावची कंपनी होती, गावोगाव तंबू ठोकत फिरणारी. प्लायवूडची रंगीत जनावरं, बटणं दाबली की बोलणारी, मुलांनी हात लावायचा, चढायचं, घसरायचं, असलं प्रदर्शन. आणि त्यात एक चालताबोलता सिंह, गब्दूसिंह. त्या सिंहाच्या आत तानीचा बा.

मला ठाऊक होतं. तानीलाही ठाऊक होतं, ती आठ वर्षांची आणि चाळभर मिरवत होती की माझा बा सिंह आहे. सासऱ्याला मात्र आम्ही सांगितलं होतं की प्रदर्शनात काम मिळालंय. काय काम, यावर आम्ही दोघंही मूग गिळून बसलो होतो.

त्या रविवारी सकाळी चहा घेतानाच जुंपली.

"दोन दिसांची रजा माग," सासरा म्हणाला.

"रजा नाय देत, बा. एक दिस नाय गेलो तं डोकं दुसऱ्याला देतील."

"कसलं डोकं?"

तानीचा बा माझ्याकडे बघायला लागला. मी चहाच्या भांड्याकडे.

"तुज्या आज्यानं टायफाडात नाचवलं व्हतं सोंग," म्हातारा म्हणाला. "अंगात ताप आणि वर देव. तुला रजा नाय मिळत."

"आज्याला घरभाडं व्हतं काय?" मी मध्ये पडले. माझ्या तोंडाला कुलूप नाही असं माझी सासू म्हणायची, ती खोटं बोलत नव्हती. "त्याची छाती बगा आदी. रातभर उशाला बसून मी ऐकते. तुमाला देव पायजे, मला नवरा पायजे."

"तू गप."

"नाय गप."

तानीचा बा उठला. खोकला, थुंकून आला, आणि मला वाटलं आता हाही चिडणार. तर तो बापाच्या समोर बसला, मांडी घालून. "बा, आज तूच ये बगायला," तो म्हणाला. "तानीला पास हायेत. नवसे, तू आण त्याला. बगितलंस मंग बोल. मी सोंग सोडलं नाय, बा. तुमी एका रातीत नाचवता, मी रोज नाचवतो." त्याच्या बोलण्यात थोडा अभिमानही होता. मला त्याचा राग आला आणि दयाही आली.

चारच्या उन्हात आम्ही तिघं गेलो. फाटकावर हत्तीचं तोंड केलेलं, त्यातून आत शिरायचं. म्हातारा चप्पल काढायला वाकला, मी दंडाला धरून ओढला. आत साहेबलोकांच्या कॉलनीतली माणसं, नीटनेटकी, बायकांच्या हातात पंखे. कारखान्यांतले भय्ये कुटुंबं घेऊन आलेले. लाउडस्पीकर कान फाडत होता. वर मंडपाचं कापड तापलेलं आणि वारा म्हणून कुठून नाही.

तानी सुटलीच. एक बटण दाबलं की गाढव हसायचं, ते तिनं इतक्यांदा दाबलं की पहारेकरी ओरडला. हत्तीच्या सोंडेवरून घसरली. एका फळीवर कोंबडीचं अंग रंगवलेलं, तोंडाच्या जागी भोक, त्यातून आपलं तोंड काढायचं नि फोटो घ्यायचा. तानी कोंबडी झाली. शेजारच्या फळीवर मिशीवाला राजा होता. "आजा, तू राजा हो ना," तिनं म्हाताऱ्याला ढकललं.

"नको," म्हातारा म्हणाला. "तोंड घातलं की तसं व्हाया लागतं."

पुढे सशाचा टेलिफोन होता. उचलला की ससा बोलायचा, हिंदीत. म्हाताऱ्यानं कानाला लावला, ऐकलं, आणि अगदी अदबीनं विचारलं, "तू कोणच्या गावचा?" ससा पुन्हा तेच बोलला. म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं. मग ठेवून दिला. "आपलंच बोलतो, दुसऱ्याचं ऐकत नाय," तो म्हणाला. "सरकारी मानूस दिसतोय." मला हसू आलं. दिवसभरातलं तेवढंच. वाटलं, निभेल आजचा दिवस. घरी जाऊन दोघं थोडे भांडतील, मी भाकरी टाकीन, म्हातारा सकाळच्या गाडीनं जाईल.

तेवढ्यात पोरं ओरडत एका बाजूला पळाली. गब्दूसिंह आला होता.

अंगभर पिवळी लोकर, पोट सुटलेलं, आणि खांद्यावर ते डोकं. धान्याच्या कणगीएवढं डोकं, तांबडी आयाळ, हसणारं तोंड, आणि तोंडात काळी जाळी. आतल्या माणसाला त्या जाळीतून दिसतं नि तिथूनच श्वास घ्यायचा. मागे पाटी होती, 'गब्दूला गुदगुल्या करा'. पोटात भोंगा बसवलेला, पोटावर दाबलं की तो पों करायचा. पण गुदगुल्या कोण करतंय, पोरं सरळ बुक्के मारत होती. एक मागून शेपटी ओढत होता. आया हसत होत्या.

सासरा जागच्या जागी थांबला. त्याचे हात आपोआप जोडले गेले. "नरसिंव," तो म्हणाला, हळूच.

"मामा, ते तसं नाय," मी म्हटलं. "ते पोरांचं हाय. खेळण्यातलं."

लाउडस्पीकरवर गाणं बदललं आणि गब्दूसिंह नाचायला लागला. उजवा पाय दोनदा आपटायचा, डावा ओढून घ्यायचा, मग गुडघ्यात वाकून गिरकी. म्हाताऱ्याचा चेहरा बदलत गेला. तो पाय त्यानंच शिकवलेला होता, पाड्यावरच्या अंगणात, काठीनं पोटऱ्यांवर मारून मारून.

"पाय आपला हाय," तो म्हणाला. "आत कोण हाय?"

उत्तर तानीनं दिलं. "बा हाय आत," ती मोठ्या आनंदानं म्हणाली.

मला वाटलं आता म्हातारा फाटकाकडे चालायला लागेल. तो उलट गर्दीत घुसला. कॉलनीतल्या एका पोरानं पोटावर बुक्की उगारली होती, म्हाताऱ्यानं त्याचा हात वरच्यावर धरला. "सोंगाला मारतोस?"

"ओ काका, हात सोडा त्याचा," पोराची आई म्हणाली. "पाटी वाचा तिथली."

"त्यांना वाचता येत नाय, तुमाला बगता येत नाय," मी म्हटलं. "आत मानूस हाय, बाई. तुमचा पोर त्याला ढोलासारखा बडवतोय." तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण पोराला घेऊन बाजूला झाली.

जाळीतून त्यानं आम्हाला बघितलं असणार, कारण गब्दूसिंहानं तानीसमोर येऊन पंजा पुढे केला. तानीनं तो धरला. मी जवळ होते. लोकरीच्या आतून आवाज येत होता, घर्र घर्र, रात्री उशाशी ऐकते तोच, पण जोरात. "अवं," मी जाळीपाशी तोंड नेऊन म्हटलं, "पडद्यामागं जावा. पाणी पिऊन या." दर थोड्या वेळानं त्याला पडद्यामागे सोडायचे, डोकं उतरवायचे, पाणी द्यायचे, तशी पद्धत होती. त्यानं डोकं हलवलं आणि पडद्याकडे वळला.

तेवढ्यात कंपनीचा मॅनेजर आला, पांढऱ्या सफारीतला. नवी गर्दी आत सोडली होती. "ए गब्दू, किधर? एक राऊंड और. संडे है," म्हणत त्यानं त्याला पाठीला धरून पुन्हा फिरवला. आणि तो फिरला. डोकं दुसऱ्याला जाईल या भीतीनं फिरला, दुसरं काय.

पुन्हा तो नाचायला लागला. उजवा पाय दोनदा, डावा ओढला. मग उजवा एकदाच. मग नुसताच डुलायला लागला, पुढे-मागे, आणि डोकं एका अंगावर कललं. पंजे थरथरायला लागले. पोरं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं हे नवं काही. मी म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि तो चेहरा मी कधी विसरणार नाही. म्हातारा आनंदानं रडत होता.

"आलं," तो म्हणाला. "वारं आलं. बग नवसे, आलं त्याला. मला बारा वर्सांत नाय आलं असं."

गब्दूसिंह गुडघ्यांवर बसला. बोहाड्यात नरसिंह खांबातून बाहेर येतो तेव्हा असाच गुडघ्यांवर बसतो, आणि मग उसळून उठतो. आम्ही सगळे उठायची वाट बघत राहिलो. तो उठला नाही. आडवा झाला, दोन्ही हात छातीशी आवळून.

मी धावले. म्हातारा माझ्या आडवा आला, दोन्ही हात पसरून. "हात लावू नको. कोणी हात लावू नका. शांत कराया पायजे आदी. नारळ आण. फाटकाबाहेर देवळाशी मिळंल. पाणी आण. पळ."

आणि मी वळले. हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर सगळा दोष म्हाताऱ्यावर टाकल्यासारखं होईल. मी सातवी शिकलेली, चुरूचुरू बोलणारी, मी नारळ आणायला वळले. देव शांत न करता सोंग ओढलं तर माणूस वेडा होतो, मरतो, हे माझ्या आजीनं मला सांगितलं होतं आणि ते शाळेपेक्षा खोल बसलं होतं. चार पावलं गेले असेन.

"आये," तानी मागून म्हणाली. ती बापाच्या शेजारी खाली बसली होती, कान जाळीला लावून. "आये, घरघर थांबली."

मी उलटी फिरले.

तोपर्यंत मॅनेजर पोचला होता. मला वाटलं, चला, हा तरी शहाणा. "डोकं काढा त्याचं," मी म्हटलं, "श्वास नाय चालत त्याचा." तर तो हळू आवाजात, ओठ न हलवता म्हणतो, "यहाँ नहीं. बच्चों के सामने सिर नहीं उतारना. पर्दे के पीछे ले चलो." आणि कामावरच्या दोन पोरांना उचलायला बोलावलं. म्हातारा त्यांना हात लावू देईना. ते म्हाताऱ्याला ढकलत होते, म्हातारा त्यांना ढकलत होता. एकाला वाटत होतं पोरांचा सिंह मोडेल, एकाला वाटत होतं देव कोपेल. डोकं काढायचं नाही यावर मात्र दोघांचं एकमत. आणि माझा माणूस त्या दोघांच्या पायांत पडलेला, तोंडावर ते खोटं हसू घेऊन.

मी खाली बसले आणि आयाळीत हात घातले. मागे चेन होती, ती उघडली. पण डोक्याचे दोन पट्टे होते, काखेखालून छातीशी गेलेले. हात वर केल्याशिवाय निघायचे नाहीत, आणि हात त्यानं आवळून धरलेले, लोखंडासारखे. मी ओढले, सुटेनात. "अवं," मी जाळीत ओरडले. "अवं, हात वर करा." काही नाही. "तानीचा बा, हात सोडा." काही नाही.

मग मला कळलं की 'अवं' ही कुणाचीच हाक नाही. ती कुठल्याही बाईनं कुठल्याही नवऱ्याला मारावी अशी हाक आहे. इतक्या आवाजात, अर्ध्या मेलेल्या माणसानं ती आपली कशी समजायची?

म्हाताऱ्याला माझ्या तोंडाकडे बघून कळलं असावं. "नवसे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला, "नाव नको घेऊ. पाया पडतो तुज्या."

सासरा सुनेच्या पाया पडतो म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं, आणि मग जाळीला तोंड लावून, आयुष्यात पहिल्यांदा, जेवढा घसा होता तेवढ्यानं नवऱ्याचं नाव घेतलं.

"चिंतू."

काही नाही.

"चिंतू, हात वर कर. चिंतू. मी नवसी. चिंतू, ऐक माजं, हात वर कर."

डावा हात सुटला. जरासाच, पण सुटला. तो मी वर ओढला, पट्टा काढला, मग दुसरा तानीनं धरला. दोघींनी मिळून ते डोकं ओढून काढलं आणि बाजूला फेकलं. खाली चिंतूचं तोंड होतं, राखेच्या रंगाचं, ओठ निळे, डोळे उघडे पण बघत नव्हते. चारी बाजूंनी पोरं रडायला लागली. "देखो, बच्चे रो रहे हैं," मॅनेजर म्हणाला. मी त्याला जे म्हटलं ते आमच्या बोलीतही चारचौघांत म्हणत नाहीत.

एका भय्यानं पाण्याची अख्खी बादली त्याच्या तोंडावर ओतली. बुक्केवाल्या पोराची ती आई, तिनं वाकून त्याच्या छातीवर दाबायला सुरुवात केली, तिला कॉलनीच्या दवाखान्यातलं काही येत होतं. मी तिच्यावर तोंड टाकलं होतं, आणि तिनं मागंपुढं बघितलं नाही. चिंतूनं एकदा मोठ्यानं श्वास ओढला. मग ओकला. मग पुन्हा श्वास घेतला. रिक्षा आली. आम्ही त्याला आत घातलं, तानी पायाशी बसली. मी म्हाताऱ्याला शोधत मान वळवली. म्हातारा जमिनीवर बसला होता, त्या फेकलेल्या डोक्याच्या शेजारी, आमच्याकडे पाठ करून. आला नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उष्णतेनं झालं आणि छाती आधीच खराब. आणखी थोडा उशीर झाला असता तर इथे आणायची गरजच उरली नसती. नाकाला नळी लावली, हाताला सलाईन. राहीबाई, आमची शेजारीण, धावत आली आणि तानीला घरी घेऊन गेली. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि मनातल्या मनात सासऱ्याला शिव्या रचायला लागले. बाप असून रिक्षात बसला नाही. बाप असून सिंहाच्या डोक्याशी बसला. पोटचा पोर आत नळ्या लावून पडलाय आणि या माणसाला मान पाहिजे. येऊ दे, म्हटलं. आज याचा मान पायाखाली तुडवते.

दिवेलागणीला तो आला. गुडघे धरत धरत पायऱ्या चढला. हातात नारळ होता, न फोडलेला.

"हाय ना?" त्यानं विचारलं.

"हाय. तुमच्यामुळं नाय."

तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला. नारळ मांडीवर घेतला. "फोडू नाय दिला त्यांनी," तो म्हणाला. "मी आणला, म्हटलं आता तरी शांत करू. तं हसले. त्या सफारीवाल्यानं ते डोकं लगेच दुसऱ्या पोराला घातलं. वलंच व्हतं आतून. आपल्या पोराच्या घामानं वलं, तसंच घातलं. गाणं पुन्हा लावलं."

रचलेल्या शिव्यांपैकी एकही जागेवर सापडेना.

"तू नाव घेतलंस," तो म्हणाला.

"घेतलं. परत घेईन. मंगळ्याला जाऊन सांगा, घ्या म्हणावं सोंग, आमच्या घरातला देव बाईनं घालवला. मला काय त्याचं."

"सोंग उद्या पोचवतो मंगळ्याकडं. ते झालं." त्यानं नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मला हायसं वाटायला हवं होतं, किती वर्षं मला ते सोंग घरातून जायला हवं होतं. वाटलं नाही. लुगड्यात गुंडाळलेलं ते लाकूड डोळ्यांसमोरून हलेना.

त्यानं नारळाची शेंडी सारखी केली. मग म्हणाला, "तू वळलीस नारळ आणाया, तवा मी त्याच्याकडं बगितलं. मला कळलं व्हतं, नवसे. वारं नाय, हे मला कळलं व्हतं. वारं आलेला मानूस हात असे आवळत नाय, पसरतो. मी बारा वेळा बगितलंय."

"मंग?"

"नाव माज्या तोंडाशी आलं व्हतं. इथं." त्यानं गळ्यापाशी बोट लावलं. "मी गिळलं."

हे त्यानं सांगितलं नसतं तर मला आयुष्यात कळलं नसतं. अडाणी म्हातारा, त्याला काय समजतं, असं म्हणून मी त्याला कधीतरी माफही केलं असतं. आता करता येणार नव्हतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. तरी सांगितलं.

"ते नाव मी ठेवलं व्हतं," म्हातारा म्हणाला. "पाचवीच्या दिशी, त्याच्या कानात मीच सांगितलं. तुला तं ते घ्यायचीबी परवानगी नव्हती. तू घेतलंस."

नर्स बाहेर आली. एकानंच आत जा, बोलू नका त्याच्याशी, म्हणाली. मी उठले नाही. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे. शेवटी तोच उठला, नारळ बाकावर ठेवला आणि आत गेला.

दार उघडंच होतं. तो खाटेशी उभा राहिला. वाकायला त्याला गुडघ्यांमुळे जमेना, तेव्हा लोखंडी दांड्याला धरून हळूहळू खाली झाला, पोराच्या कानापर्यंत. बोलू नका म्हणून सांगितलं होतं. त्यानं फक्त नाव घेतलं, चिंतू, आणि थांबला, आणि पुन्हा घेतलं. पोरानं मान त्याच्याकडे वळवली नाही. म्हातारा नाव घेतच राहिला, आणि मी बाहेर बसून ते ऐकत राहिले.